दिस कुठून गेला

आत्या, आधी शबानाभाभीचं नाव घेते. तुझं मागून. वाटेत ज्यानं पाणी पाजलं त्याचं नाव आधी घ्यावं, आणि आपण कुठं निघालो होतो ते मग सांगावं, हे तूच शिकवलेलं. तर शबानाभाभी. करमाडला आमच्या खोलीला लागून तिची खोली. मधे एकच भिंत, आणि भिंतीला वर एक वीट निघालेली. त्या भोकातून कढीपत्ता इकडचा तिकडं जातो, काडेपेटी जाते, आणि दोन्ही घरची भांडणं तर न विचारता जातात. तू तिला बघितलंयस. तू आली होतीस तेव्हा तिनं तुला चहा दिला होता आणि तू म्हणाली होतीस, "बाई लई बोलती, पण साखर बरोबर घालती."

ती नसती तर मी तुझं तोंड शेवटचं बघितलं नसतं. आणि ती नसती तर हेही लिहिलं नसतं.

कंपनीच्या कँटीनमधे चपात्या लाटायला आत जायचं म्हणजे फोन गेटवर जमा करावा लागतो, हे तुला माहीत होतं. म्हणून तू दिवसाचा फोन कधी करायची नाहीस. तुझ्या मारुतीला बिचाऱ्याला ते आठवलं नाही. आई गेलेल्या माणसाला काय आठवणार? तो नुसत्या रिंगा देत राहिला. शेवटी त्यानं भाभीला लावला. तो नंबर तूच त्याच्या फोनमधे भरायला लावला होतास, "लेकीच्या शेजारणीचा लंबर आपल्यापाशी पायजे" म्हणून.

भाभी घरातल्या सपाता तशाच पायात घेऊन रिक्षानं शेंद्र्याला, कंपनीच्या गेटवर आली. गेटवरचा वॉचमन म्हणाला, शिफ्ट सुटल्यावर भेटा. ही म्हणाली, "भय्या, मैं अंदर आती नहीं. उसकू बाहर भेज. नहीं तो मैं यहींच से आवाज देती, तेरी पूरी कंपनी बाहर आ जाएगी." तो हसला. मग त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि आत फोन लावला. हे त्यानंच मला नंतर सांगितलं.

मला बघून ती पुढं आली. माझ्या बोटांना कणीक होती, ती तिनं आपल्या ओढणीनं पुसायला घेतली, एकेक बोट. तेव्हाच मला कळलं. कोण ते मात्र कळलं नव्हतं. मी म्हणलं, "आत्या?" ती पुसतच राहिली.

मला वाटलं, बसस्टँडपर्यंत सोडायला येईल. ती बसमधे चढली, खिडकीपाशी बसली, वर कंडक्टरला म्हणाली, "दोन." तिनं आपला मुलूख बघितलेला नाही, मेंढरं घेऊन रानात पडलेल्या मुक्कामाला वाडा म्हणतात ते तिला माहीत नाही. मी म्हणलं, भाभी, तुम्ही कशाला? तर म्हणाली, "अकेली नक्को जा." गोदावरीच्या काठाला, कापूस निघालेल्या त्या रानात, ती आपल्या बायांत जाऊन बसली. कुणी तिला विचारलं नाही तू कोण. घोडं बांधलेलं, कोकरं डालग्याखाली ओरडत होती, आणि तू तुझ्या घोंगडीवर. तापाचं कुणाला सांगितलं नव्हतंस म्हणे. का नाही सांगितलंस, हे भांडण मी तुझ्याशी अजून काढलेलं नाही. ते राहू दे. दुसरं एक भांडण आधीचं आहे.

मी लिहिते, हे इथं कुणाला माहीत नाही. कळलं तर विचारतील, कितवी शिकलीस? काय सांगू? वाडा जिथं थांबेल त्या गावच्या शाळेत तू मला धरून न्यायचीस आणि मास्तरला म्हणायचीस, "बसू द्या हिला मास्तर. रान सपलं की घिऊन जाते." मास्तर बसू द्यायचे. पण मी नवी म्हणून मला पुस्तकाच्या पहिल्या पानापासून शिकवायचे. विहिरीतल्या बेडकाचा धडा होता. बेडूक विहिरीत राहतो, एक दिवस वर बघतो, एवढ्यात आपलं रान संपायचं. पुढच्या गावात पुन्हा बेडूक विहिरीत. मी लई शाळा बघितल्या आणि धडा एकच शिकले. पाचवीनंतर तेही सुटलं. तो बेडूक विहिरीबाहेर आला का नाही, मला आजपर्यंत माहीत नाही.

लग्न होऊन करमाडला आले. हे शिफ्टला जायचे आणि मी दारात बसून राहायची. एकाच जागी उभं असलेलं घर मला सोसत नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, माहेर लांब आहे का गं? आता माझं माहेर चालतं. आज कुठं आहे ते फोन केल्याशिवाय कळत नाही. ते लांब म्हणू का जवळ?

तेव्हा तू फोनवर विचारलंस, "दिवसभर काय केलंस?"

"काय नाय."

"काय नाय म्हंजी? दिस उगावला, दिस मावळला. मधी कुठून तरी गेला आसंल की. कुठून गेला?"

"मला नाय सांगता येत, आत्या."

"मग लिव्हून ठिव. शाळंत घातली ती कशाला? उंद्या वाचून दाव. मेंढरू नदरंआड गेलं तरी माग ऱ्हातोच. माग काढ."

म्हणून लिहायला लागले. बाकी कसला शौक नव्हता. कँटीनमधून घरी आले की दिवसाचा माग काढायचा, कागदावर उतरवायचा, आणि तू रेंजसाठी बांधावर चढलीस की वाचायचा. तू हुंकार द्यायचीस. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार पायजेच, नाहीतर सांगणारा वाट चुकतो, असं तुझं म्हणणं. तुझा "हं" सगळीकडं सारखा नसायचा. खरं वाटलं की आखूड. खोटं वाटलं की लांब. आणि फारच खोटं असलं की हुंकारच नाही, नुसती मेंढीच्या गळ्यातली घंटी ऐकू यायची. मग मी थांबायची.

"काय झालं, आत्या?"

"पुन्यांदा वाच."

"सूर्य कुंकवासारखा लालभडक होऊन डोंगराआड गेला."

"तू बघितलास?"

"म्हंजी... जातोच की तसा."

"त्या टायमाला तू कणीक मळत हुतीस. आत्ताच तर वाचलंस. कणीक मळता मळता डोंगर कुठून आणलास? शेंद्र्याला डोंगर हाय व्हय?"

मी खोडलं. त्यानंतर सूर्याच्या वाट्याला गेले नाही.

कंपनीच्या गेटवरच्या कुत्र्यावर लिहिलं होतं, ते आठवतं? लंगडं कुत्रं, शिफ्ट सुटली की बसच्या मागं पळतं, वगैरे. तू मधेच थांबवलंस. "नाव काय त्याचं?" मी म्हणलं, त्याला नाव नाही. "नाव नाय मग हाक कशी मारत्यात? इचारलंस का? न इचारता लिव्हतीस? उद्या माझ्यावर लिव्हशील आन् म्हनशील, एक म्हातारी हुती." दुसऱ्या दिवशी मी वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "ह्याला आम्ही साहेब म्हणतो. उशिरा येतो, काय काम करत नाही, आणि सगळ्यांवर भुंकतो." हे तुला वाचून दाखवलं तर तू एवढी हसलीस की तिकडून मारुतीचा आवाज आला, "आये, पडशील बांधावरनं."

तू एकदाच इकडं आलीस. खोलीचं दार लावलं की तुझा जीव घाबरा व्हायचा, म्हणून आम्ही दार उघडं टाकून झोपलो. तुला मारुतीच्या सोयरिकीसाठी कापड घ्यायचं होतं, तर मी तुला शहरात, गुलमंडीच्या बाजारात नेलं. तिथली गर्दी बघून तू माझं मनगट जे धरलंस, ते सोडलंच नाहीस. "येवढी मान्सं," तू म्हणालीस, "संध्याकाळी ह्यांना वळखून घरात घेतं कोण?" दुकानात गादीवर बसलेले देशपांडे म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते, फार अगत्यानं बोलत होते. तुझं लुगडं, तुझी घोंगडी बघून त्यांना कौतुक वाटलं असावं.

"मावशी, मेंढरं किती तुमच्याकडं?"

"लई हायत."

"लई म्हणजे? शंभर? दोनशे?"

"लई म्हंजी लई."

"अहो, पण अंदाजे?"

"दादा, तुमच्या घरात लेकरं किती ते मी इचारलं का? कापड दावा."

मी लाजले. ते मात्र हसले आणि त्यांनी चांगला ताका काढला. बाहेर आल्यावर मी तुला म्हणलं, सांगायचं ना काहीतरी, काय बिघडलं असतं? तर तू रस्त्यात थांबून मला ओरडलीस. मेंढरं मोजत नसतात. मोजली की कमी होतात. सगळ्या आळीनं ऐकलं.

आपल्या भांडणाचं मूळ तिथंच आहे, आत्या. त्याच दिवशी बसमधे मी तुला पहिल्यांदा विचारलं, "तुझ्यावर लिहू का?"

"नको."

"का?"

"लिव्हलं म्हंजी मोजलं. कागदावर आलं की झालं, येवढंच हाय म्हनून. मला येवढीच नको करू."

मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले. कधी लाडानं, कधी रागानं. कुत्र्यावर लिहिलेलं चालतं, भाभीच्या चहावर चालतं, माझ्या नवऱ्याच्या घोरण्यावर तर पुन्हा पुन्हा वाच म्हणतेस, मग तुझ्यावर का नाही? तू म्हणायचीस, त्यांचं मला काय. एकदा मी लईच धरून बसले तेव्हा तू म्हणालीस, "मी मेल्यावर लिव्ह. मंग काय कमी व्हायचं ऱ्हायलंय?" आणि हसलीस. मला ते हसणं आवडलं नाही. मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तूच लावलास आणि जसं काही झालंच नाही तसं विचारलंस, "दिस कुठून गेला?"

शेवटच्या फोनला तू म्हणालीस, "आज घसा बसलाय. उंद्या वाच." मी काय वाचणार होते ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की तू हुंकार देणार नव्हतीस म्हणून मी जरा सुटल्यासारखी झाले, कारण त्या दिवशी लिहिलेलं चांगलं नव्हतं.

मग तू गेलीस. म्हणजे परवानगी मिळाली. आणि माझा हातच थांबला.

किती महिने गेले ते मोजत नाही, तुझ्याच धाकानं. कागद घ्यायची, "आत्या" लिहायची, आणि वाटायचं, झालं, आता ही एवढीच. ठेवून द्यायची. मग हातात फोन. कोण कुठल्या बाया केक कापतात, कुणी भिंत रंगवतं, कुणी नवऱ्याच्या चहात मीठ टाकून हसतं. एक संपलं की दुसरं आपोआप येतं, हुंकार द्यावा लागत नाही. कँटीनमधे जास्तीची पाळी मागून घेतली. हे म्हणायचे, तू पहिल्यासारखी बोलत नाहीस. मी म्हणायची, दमते. तू विचारलं असतंस दिस कुठून गेला, तर सांगितलं असतं, बोटाखालून गेला, आत्या. माग राहिला नाही.

एकदा मारुतीला वाचून दाखवायचं ठरवलं. जुनंच काहीतरी होतं. तो भला माणूस आहे. "व्हय ताई, आयकतोय, बोल," म्हणाला. मी वाचायला लागले. तिकडून, "हुर्र्र... ए, तिकडं नाय... व्हय ताई, बोल बोल." मग पाणी ओतल्याचा आवाज. मग घोडं. मी संपवलं तर म्हणाला, "छान हाय." आत्या, तू कधी एकदाही छान म्हणाली नाहीस. ते "छान हाय" ऐकून मी कागदाची घडी करून ठेवून दिली. वर तो म्हणाला, मेंढरं विकून शेंद्र्याला कुठं काम मिळतंय का बघ. मी बघते म्हणलं. अजून बघितलं नाही. वाडाच उठला तर माझं माहेर कुठल्या रानात शोधू?

आणि एक भीती बसली. एका दुपारी भांडी घासताना तुझ्या हनुवटीवरचं गोंदण आठवायला गेले तर ते तीन ठिपक्यांचं होतं का मधे रेघ होती, ते येईना. मारुतीला विचारलं तर तोही अडखळला. म्हणजे न लिहितासुद्धा तू कमी होत होतीस. मोजलं नव्हतं, कागदावर आणलं नव्हतं, तुझं सगळं ऐकलं होतं, तरी.

त्याच दिवसांत भाभी दारात मेथी निवडायला बसली होती. तिनं अर्धी जुडी माझ्या पुढ्यात टाकली आणि म्हणाली, "वो कुत्ते का क्या हुआ गे?"

"कुठल्या कुत्र्याचं?"

"साहेब का. कंपनी का. तू फोन पे पढ़ती थी ना. फिर बंदच कर दी. आगे का सुनाई नहीं मेरेकू."

मी वर भिंतीकडं बघितलं. भिंतीतली वीट, आत्या. त्या भोकातून तिनं सगळं ऐकलं होतं. कुत्रं, माझ्या नवऱ्याचं घोरणं, सूर्य कुंकवासारखा. "वो सूरज वाला तो झूटा था," ती म्हणाली, "फुप्पी बराबर पकड़ी." फुप्पी म्हणजे तू, आत्या. तिला मराठी लिहिलेलं वाचता येत नाही, पण आपल्या दोघींच्या मधे ती एवढे दिवस भिंतीला टेकून बसलेली होती आणि आपल्याला पत्ता नव्हता. मी विचारलं, कधी बोलला नाहीत? म्हणाली, "बोलती तो तू हल्लू पढ़ती."

मग मी तिला आपलं भांडण सांगितलं. लिहिलं म्हणजे मोजलं, आणि मला एवढीच करू नको, आणि मेल्यावर लिही. ती ऐकत राहिली. मधे मधे "हौ" म्हणायची. तिचा हुंकार म्हणजे "हौ." मेथीच्या काड्यांचा ढीग झाला तेव्हा म्हणाली, "देख, मैं फुप्पी को एक बार चाय पिलाई, और एक बार वहाँ नदी पे देखी. मेरे पास तो वो इत्तीच है. तू बोलेगी तो बढ़ेगी. कम कैसे होएगी?"

तुझ्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं.

पण नंतर पाला धुताना मला संध्याकाळचा वाडा आठवला. जाळी लावून झाली की तू तोंडाशी उभी राहायचीस आणि मेंढरं आत घ्यायचीस. मोजायची नाहीसच. एकेकीचं तोंड बघायचीस. कानमोडी आली. काजळी आली. भुंडी आली, तिचं पोरगं कुठंय? आलं. सगळी आत गेली की तुला कळायचं, कोण राहिलं. आणि जी राहिली असेल तिच्या नावानं तू अंधार पडायच्या आत रानात हाक मारत जायचीस. आत्या, हे मोजणं नाही ना? मग मी तेच करते आहे. कणीक मळत होते ती मी आले, साहेब आला, बांधावरचं तुझं हसणं आलं, गुलमंडीवर माझं धरलेलं मनगट आलं. गोंदण राहिलंय बाहेर. त्याला हाक मारते आहे. लिहिणं म्हणजे मोजणं नव्हे, तोंड बघून आत घेणं, असं मी तुला म्हणायला हवं होतं. आपण बांधावरून आणि खोलीतून एवढं भांडलो आणि हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? हं आखूड का लांब?

ते कळत नाही, हीच पंचाईत आहे. इथवरचं मी भाभीला वाचून दाखवलं. ती सगळीकडं "हौ" म्हणाली. पण कुठं खोटं झालं असेल तर घंटी कुठून ऐकू येणार? नदीकाठचं लिहिताना मी एकदा थांबले, तुझी घोंगडी काळी म्हणू का जुनी म्हणू. तू असतीस तर म्हणाली असतीस, हात लावून बघितलंस का? लावला होता, आत्या. गार होती. तेवढंच खरं माहीत आहे, रंगाचं आठवत नाही, म्हणून रंग लिहिला नाही. अजून भीती जात नाही. हे लिहून संपल्यावर तू थोडी कमी झालेली असशील का, हे मला उद्या भांडी घासताना कळेल. तरी उद्याचं लिहीन. परवाचंही. आता दिवस असाच सोडून देणार नाही.

आता भाभीचं राहिलं. त्या दिवशी बसमधे, पैठण मागं पडल्यावर, मी तिला पुन्हा विचारलं होतं, भाभी, एवढ्या लांब का आलात? ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "मेरी अम्मी के टाइम मैं नहीं पहुँची थी." एवढी बोलणारी बाई, साखर बरोबर घालणारी, त्या एका वाक्यापुढं गेली नाही. परवा हे वाचून झाल्यावर मी म्हणलं, भाभी, तुमच्या अम्मीचं सांगा. तिनं ओढणी झटकली आणि उठली. "मेरा रहने दे."

राहू देते. पण भिंतीतली वीट मी बसवून घेणार नाही, घरमालक कितीही म्हणू दे. ती एक ना एक दिवस बोलायला लागेल, मराठीत, हिंदीत, नाहीतर नुसती पाठ भिंतीला लावून. त्या दिवशी मी कागद घेऊन बसणार नाही. मधेच कुत्र्याचं नावही विचारणार नाही. अम्मीचं नाव मात्र विचारीन. आणि हुंकार देईन, खरं असेल तिथं आखूड, आणि कुठं अडखळली तर गप्प राहीन, पण उठणार नाही. हे तिचं मी फेडीन, आत्या. भिंतीच्या ह्या अंगाला बसून.